सांभाळायलाही सावड हवी

(बचत गटांच्या कार्यक्रमात रेडिओवरून झालेलं बोलणं)

कुणी दुपारची भांडी आवरत असाल, कुणी गोठ्यात असाल, कुणी शिलाई मशीनवर बसल्या असाल. काम चालू ठेवा आणि ऐका. आज कर्जाच्या हप्त्याचं किंवा व्याजाचं बोलायचं नाही. आज आपल्याच गटातल्या एका बाईबद्दल बोलायचं आहे. ती बैठकीला उशिरा येते, सही करून लगेच निघते, कधी येतच नाही. हळदीकुंकवाला दिसत नाही. लग्नाला आली तर अक्षता पडायच्या आधी माघारी फिरते. विचारलं तर एवढंच म्हणते, "पोरगं राहत नाही हो कुणाकडं."

तिचं पोरगं स्वमग्न असू शकतं. डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात. अशा मुलाला कसं शिकवायचं, याची माहिती आता थोडीफार मिळू लागली आहे. पण त्याच्या आईबापांवर जो ताण येतो तो त्यांनी कसा पेलायचा, आणि आपण शेजारणींनी त्यात काय करायचं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आजचं बोलणं आईबापांसाठी आणि आपल्यासाठी.

स्वमग्नता म्हणजे काय?

आधी थोडक्यात समजून घेऊ. स्वमग्न मुलाच्या मेंदूची जडणघडण वेगळी असते. हा फरक जन्मापासूनचा असतो, पण बहुतेक घरांत तो मूल दीड-दोन वर्षांचं झाल्यावर लक्षात येतो. नावानं हाक मारली तरी मूल वळून बघत नाही. आपण "तो बघ चांदोबा" म्हणून बोट केलं तरी तिकडं बघत नाही, आणि स्वतःही कधी बोट करून काही दाखवत नाही. बोलणं उशिरा येतं. काहींचं आलेलं बोलणं थांबतं. काही मुलं ऐकलेलं वाक्य दिवसभर तसंच म्हणत राहतात. सायकलचं चाक तासभर फिरवणं, चपला ओळीत लावणं, हात फडफडवणं, चवड्यांवर चालणं, रोजची वाट बदलली की आकांत करणं, अशी बरीच लक्षणं आहेत. सगळी एकाच मुलात असतात असं नाही. एखादं मूल छान बोलतं, गणितात पुढं असतं, पण त्याला एक मित्र जोडता येत नाही. एखाद्याला मोठेपणीही बोलता येत नाही.

जगात शंभर-सव्वाशे मुलांमागे साधारण एक मूल स्वमग्न असतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या गावच्या शाळेचा पट आठवा, म्हणजे हे किती जवळचं आहे ते कळेल. मुलींपेक्षा मुलग्यांत ते जास्त आढळतं. तापावर गोळी असते तशी स्वमग्नता घालवणारी गोळी नाही. पण ही मुलं शिकतात. लवकर सुरुवात केली आणि रोज थोडं थोडं केलं तर खूप शिकतात. आणि हे "रोज थोडं थोडं" बहुतेक घरांत एकट्या आईच्या वाट्याला येतं.

ताण नेमका कुठून येतो?

मूल सांभाळणं कुठल्या आईला चुकलंय, असं कुणी म्हणेल. मग हिचं वेगळं काय? चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट झोप. बऱ्याच स्वमग्न मुलांना शांत झोप लागत नाही. रात्री बारापर्यंत जागं, पहाटे तीनला पुन्हा उठून खेळायला सुरुवात. तान्ह्या बाळाची जागरणं सहा महिन्यांत, वर्षात संपतात. इथं ती पाच-पाच, सात-सात वर्षं चालतात. सकाळी त्याच आईला पाणी भरायचं असतं, भाकरी थापायची असते, खुरपायला जायचं असतं. सलग कित्येक वर्षं नीट न झोपलेल्या माणसाची चिडचिड होणार, विसरभोळेपणा येणार, डोकं दुखणार. यात स्वभावाचा दोष कसला?

दुसरी गोष्ट राखण. काही मुलं डोळा चुकवून घराबाहेर पडतात. त्यांतल्या कित्येकांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोक्याची जाणीव नसते. आपल्याकडं उघड्या विहिरी आहेत, शेततळी आहेत, कॅनॉल आहे, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. त्यामुळं ही आई मोरीत गेली तरी तिचा एक कान दाराच्या कडीकडं असतो. शरीर बसलेलं दिसलं तरी मन पहाऱ्यावर असतं.

तिसरी गोष्ट मुलाचं कोसळणं. आपल्याला सवयीचे झालेले आवाज, उजेड, वास या मुलांना असह्य होऊ शकतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, पिठाची गिरणी, वरातीतला डीजे, नव्या कपड्याची टोचणारी शिवण. जत्रेत हे सगळं एकदम अंगावर येतं. मग मूल कान झाकतं, किंचाळतं, स्वतःच्या हाताला चावतं, जमिनीवर डोकं आपटतं. बघणारे म्हणतात, "लाडावलंय, दोन ठेवून दे." पण हट्ट आणि कोसळणं यांत फरक आहे. हट्टी मूल रडता रडता आई बघते का ते बघतं, आणि वस्तू मिळाली की थांबतं. कोसळलेल्या मुलाला काहीही दिलं तरी थांबता येत नाही. मारलं तर ते आणखी घाबरतं. त्याला तिथून बाजूला न्यायचं, आवाज कमी करायचा, आपण कमी बोलायचं आणि थांबायचं, एवढंच आपल्या हातात असतं. आणि हे सगळं त्या आईला चारचौघांच्या नजरा झेलत करावं लागतं.

चौथी गोष्ट एकटेपणा आणि पैसा. मूल राहत नाही म्हणून मजुरी सुटते. दवाखान्यासाठी तालुक्याला, जिल्ह्याला खेपा होतात. त्या दिवसाचा रोजगार बुडतो, वर गाडीभाडं. हळूहळू बोलावणी कमी होतात. आधी ती जायचं सोडते, मग लोक तिला बोलवायचं सोडतात.

वेगवेगळ्या देशांत झालेल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा हेच दिसलं आहे, की स्वमग्न मुलांच्या आयांना इतर आयांपेक्षा, अगदी दुसऱ्या अपंगत्वाच्या मुलांच्या आयांपेक्षाही, जास्त ताण असतो. म्हणजे आपल्या गावातली ही बाई "जरा जास्तच करते" असं नाही. तिच्या वाट्याला कामच जास्त आलेलं आहे.

दोषाचं ओझं आधी खाली ठेवा

या सगळ्यावर आणखी एक धोंडा असतो, तो दोषाचा. "गरोदरपणी ग्रहण पाळलं नसणार." "आईचं लक्षच नाही." "हिच्या माहेरात असेल काहीतरी." "मोबाईल हातात दिला म्हणून झालं."

आईला दोष देण्यात फक्त आपलीच माणसं पुढं आहेत असं समजू नका. शिकलेल्या डॉक्टरांनीही हे केलेलं आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अकरा मुलांची माहिती लिहिली, तेव्हापासून ऑटिझमची ओळख झाली. पुढं तिथं वीसेक वर्षं असं मानलं जाई, की आई मायाळू नसली, बर्फासारखी थंड असली, की मूल असं होतं. हजारो आयांनी तो कलंक सोसला. शेवटी बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी १९६४ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की याचं मूळ आईच्या मायेत नसून मुलाच्या शरीराच्या घडणीत आहे. रिमलँड स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढं जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचं दिसलं. आनुवंशिकता म्हणजे आईकडची, वडिलांकडची, दोन्हीकडची. शिवाय ती कुणी निवडून घेत नाही.

ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही. मोबाईलची सवय कमी करावीच, तिनं झोप आणि बोलणं दोन्ही बिघडतं, पण मोबाईलमुळं मूल स्वमग्न होत नाही. लसीमुळंही होत नाही. १९९८ साली एका इंग्रज डॉक्टरनं गोवराच्या लसीवर तसा आळ घेतला होता. तो लेख छापणाऱ्या मासिकानं २०१० साली तो मागं घेतला आणि त्या डॉक्टरचा परवानाही गेला. धाकट्या भावंडाची लस या भीतीनं चुकवू नका.

दोष मनात असला की पैसा चुकीच्या वाटेनं जातो. देवऋष्याकडं उतारा, कोंबडं, मग "हमखास बरं करतो" म्हणणारा कुणी, त्याच्या महागड्या पुड्या. एक खूण ध्यानात ठेवा. स्वमग्नता पूर्ण घालवून दाखवतो असं जो म्हणेल, त्याच्याकडं पैसे मोजायचे नाहीत. आणि अंगातलं काढतो म्हणून मुलाला मारणं, चटके देणं, साखळीनं बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

घरात करण्यासारखं

आता उपायांकडं येऊ. ताण कमी करायचा म्हणजे आईनं डोळे मिटून शांत बसायचं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. बसायला वेळ मिळाला तर जरूर बसावं. पण ताण ज्या गोष्टीतून येतो तीच थोडी हलकी केली, तर जास्त उपयोग होतो.

एक वही करा. गटाच्या वहीत आपण जमा, खर्च, शिल्लक असे रकाने आखतो. इथंही तीन रकाने आखा. मूल बिथरायच्या आधी काय झालं, त्यानं काय केलं, नंतर आपण काय केलं. लिहिता येत नसेल तर मोठ्या मुलीकडून दोन ओळी लिहून घ्या. आठ-पंधरा दिवसांत काहीतरी सापडतं. एखादं मूल रोज संध्याकाळी रडतं, आणि वहीवरून कळतं की ती कुकर लावायची वेळ आहे. मग शिट्टीच्या वेळी त्याला अंगणात न्यायचं, किंवा भात पातेल्यात शिजवायचा. उगाच रडतं असं वाटत होतं तोवर आई हतबल होती. कारण कळलं की निम्मा ताण तिथंच उतरतो.

चित्रं वापरा. न बोलणाऱ्या मुलाला तहान लागली, पोट दुखलं तरी सांगता येत नाही, म्हणून ते चिडतं. पाण्याचा तांब्या, भाकरी, संडास, अंथरूण, झोका यांचे फोटो किंवा चित्रं पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला मुलाच्या हाताच्या उंचीवर लावा. पाणी देताना दर वेळी तांब्याच्या चित्रावर त्याचं बोट ठेवा. आज काय काय होणार, तेही चित्रांनी ओळीत दाखवता येतं: आधी अंघोळ, मग न्याहारी, मग अंगणवाडी. चित्रं दिली तर मूल बोलायचं नाही, ही भीती काढून टाका. उलट, सांगता यायला लागलं की चिडचिड घटते.

झोपेची वेळ बांधा. रोज त्याच वेळी जेवण, अंघोळ, मंद उजेड, तेच अंथरूण, तीच गोधडी. झोपण्याआधी तासभर टीव्ही आणि मोबाईल बंद. दिवसा अंगमेहनतीचं खेळणं भरपूर. एवढं करूनही झोप येत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, त्यावर उपचार असतात. कुणी दिलेली झोपेची गोळी मनानं देऊ नका.

घर जरा सुरक्षित करा. कडी उंचावर लावा. मुलाच्या कपड्यावर किंवा गळ्यातल्या बिल्ल्यावर फोन नंबर लिहा. आजूबाजूच्या चार घरांना, विहिरीच्या मालकाला आणि दुकानदाराला सांगून ठेवा, "हा एकटा दिसला तर ओरडू नका, हाताला धरून घेऊन या." मूल सापडेना तर सगळ्यांत आधी पाण्याच्या जागा बघा आणि ११२ ला फोन करा. या तयारीनं आईच्या पहाऱ्यातले चार डोळे वाढतात.

मुलासोबत कसं खेळावं, हेही शिकता येतं, आणि त्याला मोठं शहरच लागतं असं नाही. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेनं पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या संस्थेबरोबर एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात मोठे तज्ज्ञ घरोघरी गेले नाहीत. प्रशिक्षण घेतलेले साधे आरोग्य कार्यकर्ते दर पंधरा दिवसांनी आईबापांना भेटत. आई मुलाशी खेळतानाचं चित्रण करायचं आणि ते तिलाच दाखवायचं: "हे बघा, इथं तुम्ही गप्प थांबलात आणि त्यानं तुमच्याकडं बघितलं." काही महिन्यांत आईबाप मुलाच्या कलानं बोलायला लागले आणि मुलं आपणहून जास्त पुढाकार घ्यायला लागली. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या आईला तिचं काय चुकतं ते दाखवलं नाही, तिचं काय बरोबर होतं ते दाखवलं.

वडील, आत्याबाई आणि भावंडं

वडिलांनाही ताण असतो, फक्त तो दिसतो वेगळा. कुणी गप्प होतो, कुणी कामाच्या नावाखाली बाहेर राहतो, कुणी दारूकडं वळतो. "तूच बघ, तुला कळतं त्याचं" असं म्हणून निसटणंही त्यातलंच. वडिलांशी बोलताना नुसतं "मदत करा" म्हटलं तर काही घडत नाही. काम नेमून द्या. आठवड्यातल्या दोन रात्री मुलाजवळ वडील झोपतील. दवाखान्याचे कागद, दाखले, तहसीलच्या खेपा वडील करतील. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला असतील तर रोज ठरल्या वेळी फोन करतील आणि आईचं दहा मिनिटं ऐकून घेतील. त्यात उपाय सांगायची घाई करायची नाही.

आत्याबाईंना आधी शत्रू ठरवू नका. त्यांनाही नातवाची काळजी असते, फक्त ती टोमण्यातून बाहेर पडते. दवाखान्यात एकदा त्यांना सोबत न्या. सुनेनं दहादा सांगून पटत नाही ते डॉक्टरांनी एकदा सांगितलं की पटतं.

भावंडांचं मात्र जपून. थोरल्या बहिणीला दुसरी आई करून टाकू नका. तिची शाळा, तिचा खेळ बुडता कामा नये. आठवड्यातून थोडा वेळ तरी आई फक्त तिची असावी. तिला खरं सांगा, की भाऊ मुद्दाम वही फाडत नाही, आणि तरीही तिला राग येणं साहजिक आहे.

कागद आणि "माझ्यामागं काय?"

या आयांच्या मनातली सगळ्यांत मोठी भीती दिवसा बोलली जात नाही. "मी गेल्यावर याचं काय?" या भीतीवर पूर्ण उतारा माझ्याकडंही नाही. पण कागद हातात असले की ती थोडी आवरते. म्हणून हे कागद नीट ऐका.

मुलाच्या वाढीबद्दल शंका आली तर आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना सांगा. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं तपासणी पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं असतं. तो कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरहूनच सुरू झाला. ते पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. तिथं तपासणी होते, आणि बोलण्याचे, हाताच्या कामाचे उपचार मिळू शकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' ओळखपत्र काढून घ्या. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. "आमच्या शाळेत असली मुलं नकोत" असं कुणी म्हणालं, तर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात लेखी तक्रार द्या. एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना यांची चौकशी याच कागदावर होते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कशावर झाला, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दोन महत्त्वाच्या सोयी आहेत. पहिली 'निरामय' आरोग्य विमा. यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च, त्यात उपचारपद्धतींचाही, परत मागता येतो. त्यासाठी बिलं जपून ठेवावी लागतात. दुसरी सोय पालकत्वाची. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं. पण ज्याला स्वतःचे व्यवहार बघता येत नाहीत, त्याच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमून देते. मुलाच्या नावाची जमीन, बँकेचं खातं यासाठी हे गरजेचं आहे. "माझ्यामागं काय" याचं उत्तर इथून सुरू होतं, म्हणून मूल सतरा वर्षांचं झालं की चौकशीला लागा.

थकव्याच्या पलीकडं गेलं तर

थकवा आणि मनाचा आजार यांत एक रेघ असते. मूल झोपलं तरी आईला झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, रोज रडू येतं, हात उगारला जातो आणि मग स्वतःचीच घृणा येते, असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांकडं जायला हवं. "आम्ही दोघं मायलेकरं नसतोच तर बरं झालं असतं," असं ती बोलली किंवा तुम्हाला तसा संशय आला, तर दोन आठवडे काय, दोन तासही थांबू नका. तिला एकटं सोडू नका. जवळची औषधं, कीटकनाशकं नजरेआड करा. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. असा विचार मनात येणारी आई वाईट नसते. तिच्या अंगावरचं ओझं तिच्या ताकदीबाहेर गेलेलं असतं.

आता आपल्या गटाची सावड

आता शेवटचं. माझ्या मते सगळ्यांत कामाचं हेच आहे. शेतात काम अंगावर आलं की आपण सावड करतो. कुठं तिला इर्जिक म्हणतात. आज सगळ्या माझ्या रानात, उद्या सगळ्या तुझ्या रानात. त्यात कुणी उपकार करत नाही आणि कुणाला ओशाळं वाटत नाही. खुरपणीला सावड चालते, तर स्वमग्न मुलाच्या आईला का चालू नये?

ती कशी करायची ते सांगते. गटातल्या दोघी तयार होतील त्या ठरवा. एकटीला नको, दोघी असाव्यात. आठवड्यातून दोन वेळा, दोन-दोन तास, तोच वार आणि तीच वेळ, कारण या मुलांना बदल सोसत नाही. पहिल्या तीन-चार वेळा आई घरातच असेल. तुम्ही नुसत्या बसा, त्याच्या चाकाशेजारी तुमचं चाक फिरवा, त्याला सवय होऊ द्या. त्याला काय आवडतं, कशाला घाबरतं, काय खातं, बिथरलं तर काय करायचं, पळालं तर कुठं पळतं, या पाच गोष्टी आईकडून कागदावर लिहून घ्या. पाचव्या वेळी आईला बाहेर पाठवा. तेव्हाही आईनं फोन जवळ ठेवायचा.

आणि त्या दोन तासांत आईनं धुणं काढायचं नाही. झोपायचं, देवळात जायचं, मैत्रिणीकडं बसायचं, पार्लरला गेली तरी कुणी नाव ठेवायचं नाही. ते दोन तास तिचे. तिच्या बाजूनं परतफेडही असू द्या. ती घरात बसून गटाची वही लिहील, पापड लाटून देईल, कुणाची शिवण करील. परतफेड असली की सावड टिकते, दया लवकर आटते.

गटाचे नियमही जरा तपासा. गैरहजेरीचा दंड लावण्याआधी कारण विचारा. वर्षातल्या चार बैठका तिच्या अंगणात घ्या, हळू आवाजात. दवाखान्याच्या खेपांसाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर त्याला "अनुत्पादक" म्हणून मागं टाकू नका. उपचाराच्या महिन्यात हप्त्याला सवड देता येते का, ते ठरावात लिहून ठेवा. जी बाई बैठकीतून सुटते ती बचतीतून सुटते, कर्जातून सुटते आणि शेवटी माणसांतूनच सुटते.

आपल्या देशात स्वमग्न मुलांसाठीचं मोठं काम आईबापांनीच उभं केलं आहे. दिल्लीची 'अॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था १९९१ साली मेरी बरुआ यांनी सुरू केली, त्या स्वतः स्वमग्न मुलाच्या आई. अशा एका आईला दुसरी तशीच आई भेटणं, हाच मोठा आधार असतो. आपल्या ग्रामसंघात, प्रभागात अशी तीन-चार घरं नक्की असतील. महिन्यातून एकदा त्यांची गाठ घालून द्या. बाकी काही शिकवायला नको, त्या एकमेकींना शिकवतील.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचत जमा झाली, हप्ते झाले, की वहीत एक विषय वाढवा: "आपल्यातली कोण मुलामुळं येऊ शकत नाही?" नाव पुढं आलं की टाळ्या नको, हळहळ नको. कोण दोघी, कोणता वार, किती वाजता, एवढं ठरवा आणि नेहमीसारख्या खाली सह्या करा.